कर्जाला जोडलेला विमा: दावा नेमका कुठे अडकतो?

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी एका शेजाऱ्यांचे हृदयविकाराच्या झटक्याने निधन झाले. वय अठ्ठेचाळीस. दिवसकार्य आटोपल्यावर त्यांच्या पत्नी निळ्या प्लास्टिकची एक जाड फाइल घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "काका, घराच्या कर्जाला विमा आहे. हे नेहमी सांगायचे, मला काही झालं तरी घर सुटेल. आता बँक परस्पर कर्ज फेडून घेईल ना?" मी विम्याच्या व्यवसायातला नाही, आयुष्यभर लेखा विभागात काम केले आणि निवृत्तीनंतर सोसायटीचा खजिनदार झालो, त्यामुळे कागद शेवटपर्यंत वाचण्याची सवय तेवढी आहे. फाइलमध्ये कर्जाचे मंजुरीपत्र, फ्लॅटचा मूल्यांकन अहवाल, मुद्रांक शुल्काची पावती आणि इंडेक्स टू यांच्या मागे स्टेपल केलेले दोन पानी विमा प्रमाणपत्र होते. पहिल्या पानाच्या मध्यावर "अपघाती मृत्यू व अपघाताने आलेले कायमचे अपंगत्व" असे शब्द होते. खाली मुदत होती पाच वर्षे. कर्ज घेऊन सात वर्षे झाली होती.

म्हणजे ज्या विम्यावर ते कुटुंब सात वर्षे निर्धास्त होते, त्यात हृदयविकार पहिल्या दिवसापासूनच नव्हता, आणि जो अपघाती विमा होता तोही दोन वर्षांपूर्वी संपला होता. दावा नाकारला गेला असे म्हणण्याचीही सोय नव्हती, कारण दावा करण्याजोगे त्या कागदात काही उरलेच नव्हते. त्यानंतर सोसायटीतल्या आणि ओळखीच्या आणखी काही जणांच्या फाइली मी पाहिल्या, आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: दावा फेटाळण्याचे कारण बहुतेक वेळा मृत्यूच्या किंवा आजाराच्या दिवशी निर्माण होत नाही, ते कर्जाच्या कागदांवर सह्या झाल्या त्याच दिवशी तयार झालेले असते.

"लोनचा इन्शुरन्स" या एकाच नावाखाली आपल्याकडे निदान तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. पहिला प्रकार म्हणजे आयुर्विमा कंपनीचा कर्जदारांसाठीचा गटविमा. त्यात कोणत्याही कारणाने मृत्यू आला तरी ठरलेली रक्कम मिळते, मात्र पहिल्या वर्षातील आत्महत्येसारखे मोजके अपवाद असतात. दुसरा प्रकार सर्वसाधारण विमा कंपनीचा. त्यात अपघात, काही ठरावीक गंभीर आजार आणि नोकरी गेल्यास थोडे हप्ते अशा तुकड्यांची मोट बांधलेली असते आणि मुदत बहुधा कर्जापेक्षा खूपच कमी असते. तिसरा घराच्या इमारतीचा आग-भूकंपाचा विमा, ज्याचा कर्जदाराच्या जगण्या-मरण्याशी काहीही संबंध नाही. शेजाऱ्यांकडे दुसऱ्या प्रकारचा कागद होता आणि मनात पहिल्या प्रकारचा विश्वास होता.

ही फसगत फक्त आपल्याकडचीच नाही. ब्रिटनमध्ये कर्जाच्या हप्त्यांचे संरक्षण म्हणून बँकांनी असाच विमा इतक्या लोकांच्या गळ्यात मारला की पुढे तक्रारींसाठी २९ ऑगस्ट २०१९ ही शेवटची तारीख जाहीर करावी लागली आणि एकूण ३८ अब्ज पौंडांहून अधिक रक्कम बँकांना ग्राहकांना परत द्यावी लागली. तिथेही स्वयंरोजगार करणाऱ्यांना नोकरी जाण्याचा विमा विकला गेला होता. म्हणजे ज्याचा दावा ते कधीच करू शकणार नव्हते, असा विमा.

आता गटविम्याची रचना पाहू, कारण ती कळल्याशिवाय पुढचे काहीच नीट कळत नाही. या विम्यात मूळ करार विमा कंपनी आणि बँक यांच्यात असतो आणि त्याला मास्टर पॉलिसी म्हणतात. कर्जदार हा त्या गटाचा केवळ सदस्य असतो आणि त्याच्या हाती पॉलिसी न येता विमा प्रमाणपत्र येते. दाव्याच्या रकमेतून बँकेला मिळते ती फक्त त्या दिवशी शिल्लक असलेल्या कर्जाची रक्कम, तीही सदस्याने तसे अधिकारपत्र दिलेले असेल तर. वर उरणारी रक्कम नॉमिनीची असते. ही शेवटची बाब अनेक घरांत ठाऊकच नसते. कर्ज फिटले, नाहरकत दाखला मिळाला आणि मूळ कागद परत आले की सगळे संपले असे लोक समजतात. विमा कंपनीने एकूण किती दिले आणि त्यातले बँकेने किती घेतले, याचा हिशेब लेखी मागण्याचा हक्क नॉमिनीला आहे आणि तो मागितलाच पाहिजे.

सर्वाधिक दावे ज्या कागदावर अडखळतात तो म्हणजे आरोग्यविषयक घोषणापत्र. बिल्डरच्या विक्री कार्यालयात किंवा बँकेच्या शाखेत चाळीस-पन्नास सह्या एका दमात होतात, त्यांत हा एक कागद असतो. मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का, गेल्या काही वर्षांत रुग्णालयात दाखल झाला होता का, असे दहा-बारा प्रश्न आणि प्रत्येकापुढे "नाही" या चौकोनात आधीच छापलेली किंवा कर्मचाऱ्याने पेनाने केलेली खूण. कर्जदार मनाने चावी हातात घेण्याच्या दिवसात असतो. कोणी त्याला प्रश्न वाचून दाखवत नाही आणि तोही विचारत नाही. मी पाहिलेल्या एका घोषणापत्रावर उंची आणि वजनाच्या रकान्यांत पती आणि पत्नी दोघांचेही आकडे सारखेच होते! यावरून तो कागद कोणी आणि कसा भरला हे कोणालाही समजावे.

मृत्यू झाल्यावर कंपनी चौकशी अधिकारी नेमते. तो जवळच्या दवाखान्यात जातो, औषधाच्या दुकानात जातो, नोकरीच्या ठिकाणी आजारपणाच्या रजांची नोंद पाहतो आणि शेवटच्या रुग्णालयातून केसपेपर मिळवतो. या केसपेपरबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. रुग्णाला तातडीने दाखल करताना रात्रपाळीचे निवासी डॉक्टर सोबतच्या नातेवाइकाला विचारतात, "शुगर आहे का? किती वर्षांपासून?" घाबरलेला मुलगा किंवा मेहुणा म्हणतो, "असेल चार-पाच वर्षं." केसपेपरवर "मधुमेह, ५ वर्षे" अशी नोंद होते. त्यातले "असेल" कागदावर उतरत नाही. पुढे कर्ज तीन वर्षांपूर्वीचे असले तर कंपनी म्हणते की कर्ज घेतानाच आजार होता आणि तो लपवला गेला. म्हणून रुग्णालयात माहिती देताना ठाऊक नसेल तर "ठाऊक नाही" एवढेच सांगावे, आणि अशी अंदाजाची नोंद आधीच झाली असेल तर कौटुंबिक डॉक्टरांचे पत्र, पहिल्या निदानाचा रक्ततपासणी अहवाल किंवा औषधाची पहिली चिठ्ठी जोडून आजार प्रत्यक्षात केव्हा कळला हे दाखवून द्यावे.

कायदा या ठिकाणी कुटुंबाच्या बाजूने वाटतो त्याहून अधिक उभा आहे. विमा कायदा, १९३८ याच्या कलम ४५ मध्ये २०१५ साली दुरुस्ती झाली आणि त्यानुसार विमा सुरू झाल्यापासून तीन वर्षे उलटल्यावर आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कोणत्याही कारणाने आक्षेप घेता येत नाही. तीन वर्षांच्या आत आक्षेप घेता येतो, पण त्याची कारणे आणि ती ज्या पुराव्यावर आधारलेली आहेत तो पुरावा कंपनीला लेखी कळवावा लागतो. फसवणूक सिद्ध झाली तर विम्याचा भरलेला हप्ता जातो. फसवणूक नसून केवळ माहिती चुकीची दिली किंवा दिली नाही असे असेल, तर हप्ता ९० दिवसांच्या आत परत करावा लागतो. शिवाय न सांगितलेल्या माहितीचा विम्याच्या जोखमीशी थेट संबंध होता आणि ती कळली असती तर आपण विमा दिलाच नसता, हे दाखवण्याची जबाबदारी कंपनीवर आहे. याच कलमाच्या स्पष्टीकरणात असेही म्हटले आहे की जी व्यक्ती विम्यासाठी ग्राहकाला गळ घालते आणि व्यवहार ठरवते, ती करार घडवण्यापुरती विमा कंपनीचीच प्रतिनिधी मानली जाईल. घोषणापत्र कर्जदाराऐवजी शाखेतल्या माणसाने भरले असेल, तेव्हा तक्रारीत या वाक्याचा उल्लेख आवर्जून करावा. मात्र मृत व्यक्तीवर फसवणुकीचा आरोप झाला तर तो खोडून काढण्याचा भार वारसांवर येतो, हेही लक्षात ठेवावे.

न्यायालयांचे निकाल दोन्ही बाजूंनी आहेत. पाठीच्या मणक्याचा आजार सांगितला नव्हता म्हणून हृदयविकाराने झालेल्या मृत्यूचा दावा नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये एका प्रकरणात म्हटले. उलट, गंभीर आजार किंवा दुसऱ्या पॉलिसी लपवल्याचे स्पष्ट दिसले तिथे त्याच न्यायालयाने कंपन्यांची बाजूही उचलून धरली आहे. त्यामुळे न सांगितलेला आजार कोणता, मृत्यू कशाने झाला, आणि विमा देताना कंपनीने वैद्यकीय तपासणी मागितली होती की नुसत्या सहीवर हप्ता घेतला होता, या तीन गोष्टी शेजारी ठेवूनच आपल्या दाव्याची ताकद जोखावी.

कधीकधी तर विमा अस्तित्वातच आलेला नसतो. कर्जातून विम्याचा हप्ता कापला जातो, पण प्रस्ताव वैद्यकीय तपासणीसाठी रखडतो किंवा शाखेच्या टेबलावरच राहतो आणि मृत्यूनंतर कळते की प्रमाणपत्र निघालेच नव्हते. गृहकर्जाशी जोडलेल्या गटविम्याच्या अशाच एका प्रकरणात, जिथे तपासणी झालीच नाही म्हणून करार झालाच नाही असे कंपनीचे म्हणणे होते, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दावेदाराच्या बाजूने निकाल दिला, कारण हप्ता कंपनीने ठेवून घेतला होता आणि प्रस्ताव वेळेत नाकारलेला नव्हता. कर्ज खात्याच्या उताऱ्यात विम्याच्या नावाने रक्कम वजा झाल्याची ओळ असेल, तर प्रमाणपत्र हाती नसले तरी दावा सोडू नये.

दावा मंजूर होऊनही कर्ज शिल्लक राहते, तेव्हा कुटुंबाचा संताप सर्वात मोठा असतो, आणि त्यामागचे गणित समजून घेण्यासारखे आहे. या गटविम्यात विम्याची रक्कम बहुधा दरवर्षी घटत जाते आणि ती कशी घटेल याचा तक्ता पहिल्या दिवशीच्या व्याजदरावर बेतलेला असतो. समजा ४० लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी ७ टक्क्यांनी घेतले. हप्ता ३१,०१२ रुपये. तक्त्यानुसार पाच वर्षांनी शिल्लक कर्ज साधारण साडेचौतीस लाख असायला हवे आणि विमाही तेवढाच उरतो. पण एका वर्षाने दर साडेनऊ टक्क्यांवर गेला आणि बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली, तर नव्या दराच्या पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले सुमारे ३०,९१३ रुपये व्याजातच जातात आणि मुद्दलात जेमतेम शंभर रुपये जमा होतात. दर तसाच राहिला तर पाच वर्षांच्या शेवटी कर्ज अजून ३९ लाखांच्या आसपासच असते. विमा साडेचौतीस लाख आणि कर्ज ३९ लाख; मधले साडेचार लाख कुटुंबाचे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला, त्यामुळे हे उदाहरण केवळ कागदावरचे नाही. थकलेले हप्ते आणि त्यांवरचा दंडही बहुतेक योजनांत विम्याबाहेर राहतो.

पती-पत्नी दोघेही कर्जदार असतात तिथे आणखी एक खाच आहे. विमा अनेकदा एकाच्याच नावाने असतो, किंवा दोघांत ५०-५० टक्के वाटलेला असतो. दुसऱ्या प्रकारात एकाचा मृत्यू झाला तर अर्धेच कर्ज फिटते. प्रमाणपत्रावर "विमाधारक सदस्य" म्हणून कोणाचे नाव आहे आणि त्यापुढे किती टक्के लिहिले आहेत, हे पाहायला एक मिनिट पुरते.

नोकरी गेल्यावर हप्ते भरणाऱ्या विम्याची गोष्ट वेगळी आहे. ऐरोली, महापे, घणसोलीच्या आयटी पार्कांत आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये काम करणाऱ्या कितीतरी तरुणांच्या कर्जाला हा विमा जोडलेला असतो. तो सहसा फक्त तीन हप्ते देतो, आणि तेही कंपनीने कामावरून कमी केले तरच. राजीनामा, निवृत्ती, प्रोबेशनच्या काळात काम जाणे, कराराची मुदत संपणे, कामगिरी असमाधानकारक ठरवून काढणे, हे सारे बाहेर. प्रत्यक्षात काय होते ते सगळ्यांना माहीत आहे: एचआर विभाग बोलावतो, दोन महिन्यांचा पगार देऊ करतो आणि "पुढच्या नोकरीच्या दृष्टीने बरे" म्हणून ईमेलवर राजीनामा मागतो. तो ईमेल गेला की विम्याचा दावा संपला. अशा वेळी सही करण्याआधी प्रमाणपत्र पाहावे, आणि कमी करण्याचे कारण लिहिलेले पत्र मिळते का, याचा आग्रह धरावा. विमा सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे किंवा महिने प्रतीक्षा कालावधीचे असतात, त्या काळात गेलेली नोकरीही धरली जात नाही.

गंभीर आजाराच्या विम्याबद्दल एवढेच सांगतो की आजाराचे नाव यादीत असणे पुरेसे नसते, पॉलिसीतल्या व्याख्येत बसेल इतकी त्याची तीव्रता वैद्यकीय अहवालांत दिसावी लागते, आणि अनेक पॉलिसींत निदानानंतर ३० दिवस रुग्ण जिवंत असावा लागतो.

दावा करायची वेळ आलीच, तर बँक आणि विमा कंपनी या दोघांनाही लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. "बँक बघून घेईल" यावर राहू नये. महापालिकेचा मृत्यू दाखला, मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र, शेवटच्या उपचारांचे कागद, कर्ज खात्याचा मृत्यूच्या तारखेपर्यंतचा उतारा, विमा प्रमाणपत्र, नॉमिनीचे ओळखपत्र आणि बँक तपशील एवढे बहुधा लागते. अपघात असेल तर प्रथम खबर (एफआयआर), पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल वेगळा. सर्व कागद दिल्यावर चौकशीची गरज नसेल तर १५ दिवसांत आणि चौकशी असेल तर ४५ दिवसांत मृत्यूचा दावा निकाली काढावा, असे विमा नियामकाचे २०२४ पासूनचे बंधन आहे. उशीर झाला तर कंपनीला त्यावर व्याज द्यावे लागते.

या काळात हप्त्यांचे काय, हा प्रश्न लोक उशिरा विचारतात. दावा प्रलंबित आहे म्हणून हप्ता थांबत नाही. ९० दिवस हप्ता थकला की खाते अनुत्पादक (एनपीए) ठरते आणि त्यानंतर बँक, गहाण मालमत्ता ताब्यात घेऊन वसुली करू देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देऊ शकते. सहकर्जदाराचे सिबिलही तोवर बिघडते. शक्य असेल तर हप्ते चालू ठेवावेत, आणि दावा मंजूर झाल्यावर मृत्यूच्या तारखेनंतर भरलेले हप्ते परत मागावेत. शक्य नसेल तर दाव्याच्या क्रमांकासह बँकेला लेखी विनंती करून ठेवावी. तोंडी आश्वासनाची किंमत शाखेतल्या साहेबांची बदली होईपर्यंतच असते.

नकारपत्र आले तर पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करावी. ती नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही नोंदवता येते. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचा दावा चालतो आणि दिलेला निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. मात्र कंपनीच्या अंतिम नकारानंतर एका वर्षाच्या आत जावे लागते आणि तोच विषय ग्राहक आयोगात किंवा न्यायालयात चालू असता कामा नये. पूर्वी ठाणे आणि नवी मुंबईचे लोक पुण्याच्या कार्यालयाशी जोडलेले होते. आता विमा लोकपालाचे कार्यालय ठाण्यातच आहे. लोकपालाच्या निर्णयाने समाधान झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग राहतोच. तिथली मुदत दोन वर्षांची आहे आणि विम्याचा भरलेला हप्ता पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क पडत नाही. विमा बँकेने न विचारता लादला असेल, तर ती तक्रार बँकेविरुद्धची असल्याने रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे करावी.

ज्यांचे कर्ज अजून नवे आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. कर्जासाठी बँक सांगेल त्याच कंपनीचा विमा घेतलाच पाहिजे, असा कोणताही कायदा नाही. आणि घेतलाच असेल, तर प्रमाणपत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत तो परत करता येतो. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांत मुख्य तथ्य विवरणपत्र देणे बंधनकारक आहे आणि बँकेमार्फत वसूल होणारा विम्याचा खर्च त्यात दाखवून वार्षिक दरात धरावा लागतो. तिथे पाहिले की कळते, दीड लाखाचा एकरकमी हप्ता कर्जात मिळवला तर साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांत त्यासाठी सुमारे ३ लाख १२ हजार रुपये फेडावे लागतात. कर्ज दुसऱ्या बँकेत नेले किंवा लवकर फेडले, तर या विम्याची उरलेली किंमत परत मागता येते का, हेही तेव्हाच विचारून ठेवावे.

शेजारच्या वहिनींच्या फाइलमधून काहीच निघाले नाही, तेव्हा मी त्यांना पतीच्या पगाराच्या खात्याचे पासबुक आणायला सांगितले. मे महिन्याच्या अखेरच्या नोंदींवर बोट ठेवून त्यांनी विचारले, "हे ४३६ रुपये दर वर्षी कशाचे कापले जातात हो काका?" तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचा हप्ता होता, कोणत्याही कारणाने झालेल्या मृत्यूवर दोन लाख रुपये देणारा. कर्ज त्याने फिटणार नव्हते. दुसऱ्या दिवशी शाखेत जाऊन आम्ही त्याचा अर्ज भरला आणि पोच घेतली.